बार्शीचा ताप आणि यवतचे डास

1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या धान्याच्या पेठेसाठी ख्यातनाम असलेल्या कसब्यात तापाची अशी साथ उसळली, की सांधे धरल्यामुळे पोती वाहणाऱ्या धडधाकट माणसालाही अंथरुणावरून उठणे दुष्कर व्हावे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मंडळींनी तपास केला, तेव्हा हा ताप चिकनगुन्याचा असल्याचे आणि गावातील शेकडा 37.5 लोक त्याने ग्रासल्याचे निष्पन्न झाले. कलकत्त्यासारख्या दमट, दलदलीच्या शहरात हा विषाणू 1963 साली आढळला होता, त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. परंतु जेथे पर्जन्याचीच वानवा आणि 1972 च्या दुष्काळाची झळ अजून ताजी, त्या मुलखात डासाने माणसांना असे आडवे करावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते.

त्याचा उलगडा मात्र घराघरांतील रांजणांत आहे. एडिस इजिप्ती ही डासाची जात गटारावर नव्हे, तर माणसाने जपून साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर पोसली जाते. आणि जेथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, त्या सोलापुरात विणकरांच्या व विडी कामगारांच्या वस्त्यांतील पिंपे, हौद आणि सिमेंटच्या टाक्या तिला आयत्याच मिळतात. मादी आपली अंडी पाण्यात न सोडता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने सजीव राहतात आणि भांडे पुन्हा भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच आरोग्य खात्याच्या ‘कोरडा दिवस पाळा’ या फर्मानाचे मर्म पाणी ओतून देण्यात नसून, भांड्याची आतली बाजू घासून काढण्यात आहे. ज्या गृहिणीने घागरभर पाण्यासाठी पहाट जागवली, तिला ते ओतून दे म्हणून सांगणे सोपे नाही, हेही फर्मान काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडण्याची जुनी युक्ती मला अधिक सुज्ञपणाची वाटते; मासे अळ्या खातात आणि पाणी शिल्लक राहते.

बार्शीनंतर हा रोग देशातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि तीन दशके कोणी त्याची फारशी आठवण काढली नाही. मध्यंतरी, 2000 साली, सोलापूर रस्त्यावरच्या यवत या पुणे जिल्ह्यातील गावात पकडलेल्या एडिस डासांत संशोधकांना चिकनगुन्याचा विषाणू सापडला. पुढे त्याची जनुकीय वंशावळ तपासली, तेव्हा असे दिसले, की तो बार्शीच्या आशियाई वंशाचा नव्हे, तर आफ्रिकी वंशाचा होता. आणि 2005 च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्रात जो वणवा पेटून 2006 साली देशात संशयित रुग्णांची संख्या 13 लाखांवर गेली, त्यातील विषाणूही याच वंशाचा निघाला. साथीच्या पाच वर्षे आधी डासांनी दिलेली ही वर्दी एका शोधनिबंधात नमूद झाली खरी, परंतु मूठभर जाणकारांपलीकडे ती पोहोचली नाही.

डासांवर पाळत ठेवण्याचे कीटकशास्त्राचे हे अंग मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि दुर्दैवाने सर्वांत उपेक्षितही. सरकारी दप्तरात ‘कीटक समाहारक’ अशी एक हुद्द्याची नोंद असते. हा मनुष्य टॉर्च व चूषक नळी घेऊन दाराआडचे, पलंगाखालचे डास टिपतो, शंभर भांडी तपासून किती भांड्यांत अळ्या आढळल्या याची टक्केवारी मांडतो, आणि त्याने आणलेल्या डासांची जातवार निवड होऊन त्यांचे गट वाटून विषाणूची परीक्षा होते. रुग्ण नसतानाच्या काळात हे काम निरुपयोगी वाटते, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते.

अलीकडे वोल्बाखिया या जीवाणूची वार्ता ऐकू येते. तो एडिसच्या शरीरात वसला, की विषाणूची वाढ रोखतो. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर याच डासामुळे पसरणाऱ्या डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी घटले, आणि पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानेही अशा डासांची पैदास केली आहे. तो प्रयोग उद्या सोलापुरात आला, तरी स्थानिक डासांत हा जीवाणू कितपत रुजला, हे पाहण्यासाठी महिनोन्महिने घरोघर डास पकडावेच लागतील, आणि ते काम त्या चूषक नळीवाल्याकडेच येईल.