चिखलदरा : हवा खाऊन या, बाजारही पाहून या

नांदेड-लातूरकडचा आपला व्यापारी दुकानाला कुलूप लावतो ते लग्नासाठी, मय्यतीसाठी नाहीतर माल आणण्यासाठी. सहलीसाठी दुकान बंद ठेवणे त्याला उधळपट्टी वाटते. अशा भावांनी एकदा चिखलदऱ्याला जावे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या डोंगरावर, सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे, पण धंद्याच्या नजरेने पाहण्यासारखेही तेथे पुष्कळ आहे.

गाव आपल्याला तसे परके नाही. मराठवाडा आणि वऱ्हाड, दोन्ही निजामाच्या राज्यातले. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिची एक छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला आणि एक एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला. या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये चिखलदरा ‘शोधला’ असे सांगतात. कोरकू आणि गवळी तेथे आधीपासूनच राहत होते, पण त्यांना कोण विचारतो! पुढे याच फौजेचा खर्च निजामाकडे थकत गेला आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाडचा कारभारच इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. थकबाकीत दुकान गेलेले आपण पाहतो, येथे अख्खा प्रांत गेला. साहेबांनी मग डोंगरावर बंगले बांधले. कॉफीची लागवड तेव्हापासूनची आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती येथेच.

जाण्यासाठी नांदेडहून हिंगोली-वाशीममार्गे अकोल्यापर्यंत रेल्वे आहे. लातूरकरांनी पूर्णा किंवा नांदेड गाठावे. अकोल्याहून पुढे अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा मोटाररस्ता. आपल्या बुजुर्गांना हा मुलूख वेगळ्या कारणाने आठवेल. मीटरगेजच्या काळात काचीगुड्याहून निघणारी मीनाक्षी एक्स्प्रेस नांदेड, पूर्णा, अकोला, खंडवा करीत अजमेर-जयपूरकडे जाई. अजमेर शरीफच्या जायरीनांची ही गाडी. मेळघाटच्या जंगलात धूळघाटला ती वळसा घेऊन स्वतःच्याच रुळावरून जाई. ते मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाले.

अंजनगावला विड्याच्या पानांचे मळे आहेत आणि पानपिंपरीही होते. यूनानी आणि आयुर्वेदिक औषधांत लागणारा हा माल. अत्तारी दुकान असलेल्यांनी येथे चौकशी करून पुढे जावे. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. शाह दुल्हा रहमान गाजींचा दर्गा आणि गावाबाहेरचा हौज कटोरा पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. परतवाडा म्हणजे मेळघाटच्या सागवानाची पेठ. सुतारकाम करणाऱ्या भावांनी येथे लाकूड पाहायलाच थांबावे.

परतवाड्याहून घाट चढला की तासाभरात चिखलदरा. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल ही ठिकाणे सगळे पाहतात. गाविलगडाला मात्र सावकाश वेळ द्या. अहमदशाह वली बहामनीने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. वरची जामा मशीद पडकी असली तरी तिचे दगडकाम पाहून गवंडी माणूस हलणार नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांचा हा किल्ला घेतला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.

आता बाजाराकडे वळू. मेळघाटात मुख्य वस्ती कोरकू आदिवासींची. त्यांची बोली मराठीला किंवा गोंडीला जवळची नाही, ती मुंडा कुळातली. समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधे रस्ता, अशी त्यांची गावे. मृतांच्या नावाने ते कोरीव लाकडी फळ्या उभारतात, त्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र असतात. काम पाहा, पण किंमत विचारू नका. ती त्यांच्या वाडवडिलांची निशाणी आहे.

कोरकूच्या हाती रोकड येते ती हंगामात. दिवाळीनंतर काटकुंभ, चुर्णी, धारणीकडे आठवडी बाजार घुंगरांनी भरतात. गुराखी थाट्या रंगीत कपडे घालून, बासरी-ढोल घेऊन बाजारभर नाचतात आणि दुकानदारांकडून बक्षिसी घेतात. याला घुंगरू बाजारच म्हणतात. दुसरा हंगाम होळीचा. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे होळीला गावी परततात. कपडे, भांडी, मणी, गुळ-शेंगदाणे, सगळ्याची खरेदी तेव्हा होते. वाटेत बायका फगवा मागायला गाडी अडवतील. कपाळाला आठ्या न घालता द्यावा.

या गिऱ्हाइकाला मापात आणि व्याजात बुडवून पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी पैसा केला. बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या १९९० च्या दशकापासून याच मुलखातून येत आल्या आहेत. हॉटेलांची गर्दी वाढली तरी पर्यटकाच्या पैशातला कोरकूच्या पदरात पडतो तो थोडाच. म्हणून मोह, चारोळी, डिंक घ्यायचा असेल तर वनखात्याचे नियम विचारून, गोळा करणाऱ्याकडूनच घ्या आणि तराजू त्याच्यासमोर धरा. असा माणूस एकदा विश्वास बसला की दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.

कोणी ‘आदिवासीचा प्लॉट स्वस्तात देतो’ म्हणाला तर खिशातला हात काढू नका. १९७४ च्या कायद्याने अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही. पैसे अडकतील आणि बदनामी वेगळी.

पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, पण घाटात धुके दाट असते, ड्रायव्हर जाणता घ्या. हिवाळ्यात गरम कपडे लागतातच. मोथा गावच्या गवळ्यांचा खवा आणि रबडी नामांकित आहे, अलीकडे तेथे स्ट्रॉबेरीही होते. खवा घरी आणण्याच्या भरीस पडू नका, नांदेड येईपर्यंत आंबेल. तेथेच पोटभर खा, आणि आणायचा तर मध आणा.