शुश्रूषा करणाऱ्यांची विचारपूस

कर्करोगाचे निदान एका व्यक्तीचे होते, परंतु त्याचा भार साऱ्या कुटुंबावर पडतो. आम्ही धर्मगुरू रुग्णाच्या भेटीस जातो, तेव्हा त्याच्या वेदनांची, औषधांची विचारपूस करतो. उशाशी बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला ‘तुम्ही कसे आहात?’ असे विचारण्याचे मात्र आम्हांलाही पुष्कळदा सुचत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक रुग्णांना उपचारांसाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. मलकापूर वा शेगावहून रेल्वेने निघायचे, परळच्या टाटा रुग्णालयात रांगेत थांबायचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा शोधायचा. इकडे सोयाबीन सोंगणीला आलेले असते आणि मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. सोबत गेलेल्या माणसाची झोप उडते, चिडचिड वाढते, भूक मंदावते. ‘आजार आधीच का ओळखला नाही?’ हा प्रश्न त्याला छळतो. कधी ‘आता यातून सुटका व्हावी’ असा विचार मनात येतो आणि त्याची लाज वाटते. अशांना आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो की, असा विचार मनात येणे हे पाप नव्हे. ती थकलेल्या मनाची हाक आहे.

आणखी एक ओझे मौनाचे असते. घरचे रुग्णापासून आजाराचे नाव लपवतात. रुग्णाला ते उमगलेले असते, पण घरच्यांना दुःख नको म्हणून तोही गप्प राहतो. एकाच खोलीत दोघेही एकाकी होतात. अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्या साहाय्याने हळुवारपणे बोलणे सुरू केल्यास दोघांचेही मन हलके होते.

वेदनाशामक शुश्रूषेची जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेली व्याख्या रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार करते. रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या शोकात कुटुंबाला आधार देणे हाही तिचा भाग आहे. आपल्या देशात या सेवेचा पाया घालणारे शांती आवेदना सदन १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

अशी संस्था प्रत्येक तालुक्यात नसली, तरी धर्मग्रामातील कुटुंबांना पुष्कळ काही करता येईल. आठवड्यातून एकदा दोन तास रुग्णाजवळ बसावे, म्हणजे घरच्या माणसाला झोप मिळेल. जेवणाचा डबा द्यावा, शेतीच्या कामास हातभार लावावा. उपदेश न करता ऐकून घ्यावे. ‘देवाची इच्छा’ म्हणून कोणाचे अश्रू थांबवू नयेत. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांचेही स्मरण करू या, आणि प्रार्थनेनंतर त्यांच्या घरी जाऊ या.