लिलाव मोबाइलवरचा, हिशेब काट्यावरचा



उसाचा दर आणि पदरात पडणारा पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०२५-२६ च्या हंगामाकरिता केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. पण हा दर कारखान्याच्या गेटवरचा. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, मगच बिल खात्यावर जमा होते. एवढे पक्के ठाऊक असूनही ऑनलाइन लिलावात माल विकताना आपण हाच हिशेब विसरतो. प्रस्तुत लेखकही विसरला, म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे पितळी घंगाळ मी एका ऑनलाइन लिलावात ठेवले. आईच्या लग्नातले, सहा किलो वजनाचे. सुरुवातीची बोली कमी ठेवली की गिऱ्हाइकांची गर्दी होते, असे ऐकले होते. म्हणून ९०० रुपयांपासून सुरुवात केली. पाठवणी खर्च अंदाजाने २०० रुपये लिहून टाकला. बोली लावणारे निघाले दोघेच. घंगाळ ११०० रुपयांत गेले, तेही थेट गुवाहाटीला!

कुरिअरच्या कचेरीत गेलो तेव्हा डोळे उघडले. बहुतेक कुरिअरवाले काट्यावरचे वजन आणि आकारमानाचे वजन अशी दोन वजने काढतात आणि जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, की आकारमानाचे वजन किलोत निघते. माझे खोके ५० बाय ५० बाय ३० चे. म्हणजे १५ किलो! घंगाळ पडले पोकळ. भाडे मात्र हवेचेही द्यावे लागले.

हिशेब असा झाला. जमा १,३०० रुपये. खर्च : भाडे १,१५०, संकेतस्थळाची दलाली ६६, खोके व भुसा ९०. एकूण १,३०६. म्हणजे घंगाळ देऊन वर सहा रुपये खिशातून गेले. मोडीत घातले असते तरी बरे पैसे आले असते. आई एवढेच म्हणाली, "काऊन रे बापू, घंगाय गेलं त गेलं, वरतून पैसेबी तूच देल्ले?" यावर उत्तर नव्हते.

आता ही गोष्ट एका घंगाळापुरती राहिलेली नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजे ई-नाम आठ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाला. आज त्यात हजारावर बाजार समित्या आहेत. आपली तूर, हरभरा, सोयाबीनही अशाच बोलीवर जाऊ शकते. तेथे माल बाजाराच्या आवारातून व्यापारीच उचलतो, त्यामुळे पुढचे भाडे आपल्याला दिसत नाही. पण लांबचा व्यापारी ते भाडे मनात धरूनच बोली लावतो, हे ध्यानात ठेवावे. आर्द्रता व प्रत तपासूनच बोली लागत असल्याने माल वाळवून, चाळून नेलेला बरा. बोली पटली नाही तर ती नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. गाडीभाडे भरून माल आणला म्हणून कोणत्याही भावाला मान डोलवू नये.

घरून माल पाठविणाऱ्या नवख्या विक्रेत्याने पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. आधी माल खोक्यात बांधा, मोजा, वजन करा, भाडे विचारा. भाव त्यानंतर लिहा.

२. हाती किती पैसे यायला हवेत ते ठरवा. त्यात भाडे, दलाली व बांधणीचा खर्च मिळवा. त्याखालून बोली सुरू करू नका. बोली लावणारा एकच निघाला, तर सुरुवातीचा भाव हाच शेवटचा भाव ठरतो.

३. जवळचे व लांबचे भाडे वेगळे लिहा. सरसकट एकच आकडा लिहिला तर लांबचे गिऱ्हाईक आपल्याला बुडवते.

४. गूळ पावसाळ्यात ओल धरतो. आतून प्लॅस्टिक घाला. बांधताना फोटो काढा व पावती जपून ठेवा. तुटफुटीच्या वादात तोच पुरावा.

५. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर समजावा.

६. शंभर वर्षांवरील मूर्ती, नाणी, भांडी विकण्याआधी चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत.

आपल्या पोरासोरांच्या हाती आज मोबाइल आहे आणि त्यातून मुंबई-कोलकात्याचे गिऱ्हाईक वऱ्हाडातल्या आपल्या अंगणापर्यंत येते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांना अडवू नका. फक्त विक्रीचे बटण दाबण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. तोडणी-वाहतूक वजा करण्याची सवय आपल्याइतकी कोणाला आहे?