टाकाऊतून उभी राहिलेली नगरी

टाकून दिलेल्या वस्तूंपासून घडणारे शिल्प नेहमीच्या शिल्पापेक्षा एका बाबतीत वेगळे असते. ओल्या मातीला कलावंत देईल तो आकार येतो. भंगारातल्या वस्तूला मात्र स्वतःचा आकार, रंग आणि झीज आधीपासूनच असते. ती ओळखून वस्तूला नवी जागा देणे, हे या कलेतले खरे कसब. पाब्लो पिकासोने १९४२ मध्ये सायकलची जुनी सीट आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक साकारले. सीटचे झाले तोंड, हँडलची झाली शिंगे. भारतात हीच दृष्टी एका सरकारी कर्मचाऱ्याने कित्येक एकरांवर फुलवली. त्याचे नाव नेकचंद सैनी आणि त्याची निर्मिती म्हणजे चंदीगडचे रॉक गार्डन.

नेकचंद यांचा जन्म १९२४ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातल्या एका खेड्यात झाला. फाळणीत घर सुटले आणि कुटुंब भारतात आले. पुढे नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून चंदीगडला रुजू झाले. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार तिथे नवी राजधानी उभी राहत होती आणि तिच्यासाठी जुनी खेडी पाडली जात होती. पाडलेल्या घरांची कौले, फुटक्या कपबशा, मडकी, बांगड्यांचे तुकडे यांचे ढीग साचत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेकचंद हे सामान सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या एका घळीत साठवू लागले. नदीपात्रातले विचित्र आकारांचे दगडही त्यांनी वेचून आणले. ही जागा राखीव जंगलाची असल्याने तिथे बांधकामाला मनाई होती. त्यामुळे नोकरीची वेळ संपल्यावर, अनेकदा रात्री, हे काम गुपचूप चाले.

मूर्ती घडवण्याची रीत साधी होती. जुने पाइप, सळ्या किंवा मोडक्या सायकलींचे भाग जोडून आधी सांगाडा बांधायचा. त्यावर सिमेंट आणि वाळूचे मिश्रण थापून अंग भरायचे. वरचा थर ओला असतानाच त्यात काचेचे, चिनीमातीचे किंवा बांगड्यांचे तुकडे दाबून बसवायचे. प्राण्यांच्या मूर्तींत सायकलची फ्रेम धड झाली, चिमटा पाय झाला आणि सीट डोके. बायकांच्या मूर्तींवर रंगीत बांगड्यांचे तुकडे असे दाटीने बसवलेले आहेत की ते कापडावरच्या भरतकामासारखे दिसतात. भिंतींसाठी डांबराच्या रिकाम्या पिंपांचे साचे केले, तर काही भिंतींना विजेच्या जुन्या फिटिंगचे पांढरे तुकडे लावले. नाचणारे, वाजवणारे, डोक्यावर घागर घेतलेले असे शेकडो पुतळे रांगांनी उभे राहिले.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर हा सारा पसारा अधिकाऱ्यांच्या नजरेस पडला. तोवर अंगणे आणि वाटांची एक नगरीच वसली होती. कायद्याने ते अतिक्रमण होते आणि ते पाडले जाण्याची भीती होती. पण लोकांनी ते उचलून धरले आणि १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना याच कामासाठी पगार आणि हाताखाली मजूर मिळाले. शहरातून टाकाऊ सामान गोळा करण्याची व्यवस्थाही झाली. पुढच्या टप्प्यांत धबधबे, कमानी आणि झोपाळे आले. १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बालसंग्रहालयासाठीही त्यांनी अशी बाग घडवली.

मान्यतेनंतरही संकटे टळली नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यासाठी बागेचा काही भाग पाडण्याचे ठरले, तेव्हा नागरिकांनी बुलडोझरसमोर मानवी साखळी धरली आणि न्यायालयाचा निकालही बागेच्या बाजूने लागला. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी गेले असताना मूर्तींची नासधूस झाली. त्यानंतर बागेच्या जतनासाठी त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि देशोदेशीचे स्वयंसेवक दुरुस्तीला येऊ लागले. नेकचंद यांचे २०१५ मध्ये निधन झाले. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग नागरिकांचा विरोध असतानाही पाडण्यात आला.

भंगारातून घडलेल्या कलेवरचा हा धोका तिच्या साहित्यातूनच येतो. ब्राँझच्या पुतळ्याला धातूची तरी किंमत असते; फुटक्या कपांच्या भिंतीला बाजारात काहीच मोल नाही. तिचे मोल मांडणीत आणि जागेत असते, आणि ती भिंत उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून अशी कला जपायची असेल, तर नुसत्या मूर्ती सांभाळून भागणार नाही. ती जिथे घडली ती जागाही तिच्यासकट राखायला हवी.