केळीला बी का नाही?

वसई तालुक्यातील प्रसिद्ध सुकेळी राजेळी केळ्यांपासून तयार होतात. हे केळे कापून पाहिले असता त्यात रुजणारे बी आढळत नाही. याचे कारण केळीच्या कुळात आहे. केळीच्या ज्या दोन रानटी जाती तिच्या पूर्वज होत, त्यांच्या फळांत कठीण बिया असतात. त्यांच्या संकरातून निपजलेल्या राजेळीसारख्या जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले. तिन्हींची समान वाटणी होत नसल्याने बी धरत नाही. म्हणून केळीचा वंश जमिनीतील गड्ड्यावरच्या डोळ्यांतून फुटणाऱ्या मुनव्यांनीच वाढतो.

मुनवा ही मूळ झाडाची हुबेहूब प्रतिकृती होय. त्यात गोडी तीच उतरते आणि रोगापुढील दुबळेपणाही तोच. मध्य अमेरिकेत ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीच्या विस्तीर्ण बागा मर रोगाच्या बुरशीने उद्ध्वस्त केल्या. १९६० च्या सुमारास त्या जातीचा निर्यात व्यापार संपुष्टात आला.

सबब बागायतदारांनी मुनवे निरोगी व जोमदार झाडांचेच निवडावेत. अरुंद, तलवारीसारख्या पानांचे मुनवे लागवडीस उत्तम. तसेच वाडीत राजेळीच्या जोडीला वेलचीसारख्या अन्य जातीही राखाव्यात. बिनबियांची जात एकदा नाहीशी झाली, की ती पुन्हा पेरून मिळत नाही.