सर्व्हर हँग झालाय, बंदही होत नाहीये? प्लग ओढण्याआधी हे वाचा



आज विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. घरून धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या हा कामाचा आहे.

महिन्याची १९ तारीख, रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. आतून बायकोची हाक आली, "अहो, बिलांचं फोल्डर उघडत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय!"

आमच्याकडे एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून घरचा सर्व्हर केलाय. उबुंटू छोट्या एसएसडीवर आणि बिलं, फोटो, व्हिडिओ २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. घरातले दोन्ही लॅपटॉप सांबा शेअरवरून तिथलाच डेटा वापरतात. शटडाऊन दिलं तर स्क्रीनवर एकच ओळ: सांबाचं 'स्टॉप जॉब' चालू आहे, मर्यादा दीड मिनिट. ते दीड मिनिट संपलं की पुन्हा नवीन मोजणी सुरू.

खरं सांगतो, हात प्लगकडे गेला होता. पण सहा महिन्यांपूर्वी मी हीच चूक केली होती. प्लग ओढला, बिलांची फाईल करप्ट झाली आणि चार दिवसांची बिलं आम्ही दोघांनी कार्बन कॉपीवरून पुन्हा टाईप केली. तो धडा महागात पडला होता.

सर्व्हर नेमका कुठे अडकतो?

आपल्याकडे दुकानदार दुकान 'बंद केलं' म्हणत नाही, 'वाढवलं' म्हणतो. दुकान वाढवताना गल्ला मोजतो, वही पूर्ण करतो, माल आत घेतो आणि मग शटर ओढतो. सर्व्हरचंही तसंच आहे. आपण सेव्ह केलेली फाईल लगेच डिस्कवर जाते असं नाही, काही वेळ ती मेमरीत असते. शटडाऊन म्हणजे ती वही पूर्ण करणं. प्लग ओढला की वही अर्धवट राहते.

आता समजा एक कामगार गोदामात माल आणायला गेला आणि गोदामाचं दारच अडकलं. तो बाहेर येईपर्यंत शटर ओढता येत नाही. सर्व्हरमध्ये तो कामगार म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघणारा प्रोग्राम. तो किल कमांडलाही दाद देत नाही. म्हणजे दोष शटडाऊनचा नसतो, आधीच काहीतरी अडकलेलं असतं. शटडाऊनच्या वेळी ते फक्त दिसतं.

त्या रात्री मी काय केलं

१. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला. कोणत्या सर्व्हिसचं नाव अडकलंय, हा पहिला पुरावा.

२. दहा मिनिटं थांबलो. कधीकधी डिस्क शुद्धीवर येते.

३. तरी हललं नाही, तेव्हा कीबोर्डवर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरलं आणि मध्ये पाच-दहा सेकंद सोडत एस, यू, बी ही बटणं एकेक करून दाबली. एस म्हणजे मेमरीतलं डिस्कवर लिही, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीस्टार्ट. उबुंटूत ही सोय आधीपासून चालू असते. डेटा वाचेलच अशी गॅरंटी नाही, पण प्लग ओढण्यापेक्षा कितीतरी बरं.

४. सर्व्हर चालू झाल्या झाल्या बिलांचा डेटा पेनड्राईव्हवर घेतला. आधी डेटा, मग दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरूनच रिटर्न भरलं, आणि मगच सर्व्हर उघडला.

खरा चोर कसा सापडला?

जर्नलसीटीएल नावाची कमांड आहे. तिला 'मायनस बी मायनस वन' जोडलं की मागच्या वेळची, म्हणजे हँग होण्यापर्यंतची नोंद दिसते. त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा होत्या: 'हार्ड रिसेटिंग लिंक' आणि एक प्रोग्राम १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची तक्रार. म्हणजे संशय डिस्कवर.

मग स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत पाहिली. तिथे तीन आकडे बघायचे. 'रिअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर वाढत असतील तर डिस्क म्हातारी झाली, बदला. माझे दोन्ही शून्य होते. वाढत होता तो तिसरा, 'सीआरसी एरर'. हा आकडा डिस्कपेक्षा बहुतेकदा वायरीकडे बोट दाखवतो.

मदरबोर्डपासून डिस्कपर्यंत जाणारी साटा केबल बदलली. शे-दीडशे रुपयांची वस्तू! मी मात्र मनात नव्या डिस्कचं बजेट काढून बसलो होतो. एक लक्षात ठेवा, केबल बदलल्यावर तो आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा.

तुमच्याकडे चोर वेगळा असू शकतो

- शटडाऊनला अडकणारं नाव नेटवर्कवरच्या फोल्डरचं असेल, तर दुसरीकडचं मशीन किंवा राऊटर आधी बंद झालाय का बघा. सर्व्हर आधी, राऊटर नंतर.
- नोंद मध्येच तुटली असेल, एररचा मागमूस नसेल, तर पॉवर सप्लाय, उष्णता किंवा रॅम तपासा. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालवा. पंख्यातली धूळही काढा.
- एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, रॅम, सेटिंग सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

'दीड मिनिटाची मर्यादा दहा सेकंदांवर आणा' असा सल्लाही तुम्हाला मिळेल. नका करू. शटर लवकर पडेल, पण वही अर्धवटच राहील.

आता आमचा नियम

दर रविवारी सकाळी सर्व्हर आम्ही स्वतः ठरवून 'वाढवतो' आणि किती वेळ लागला ते वहीत लिहितो. वेळ वाढला की समजायचं, काहीतरी अडकायला लागलंय. आणि बिलांची एक कॉपी रोज रात्री घराबाहेर, क्लाऊडवर जाते.

मित्रांनो, धंद्यात मशीन बिघडणारच. पण बिघाड १९ तारखेला कळायचा की निवांत रविवारी, एवढं मात्र आपल्या हातात आहे. या रविवारी तुमचा सर्व्हर एकदा नीट बंद करून बघा, आणि घड्याळ लावायला विसरू नका!