पाहिलंस की ऐकलंस?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. चौथीच्या वर्गात मी विचारलं, "रायगड कोणी कोणी पाहिलाय?" पाच-सहा हात वर झाले. त्यांतला एक मुलगा टकमक टोकावरच्या वाऱ्याबद्दल भरभरून बोलू लागला. तेवढ्यात शेजारचा ओरडला, "बाई, हा कुठेच गेला नव्हता! याच्या मामेभावानं सांगितलंय सगळं!"

वर्ग खो-खो हसला. आणि मी? मी पटकन म्हणून गेले, "अरेरे, बिचारा!" मुलांच्या हसण्यापेक्षा माझ्या 'बिचारा'नंच त्याचा चेहरा जास्त उतरला.

खरं तर तो खोटारडा नव्हता. त्याला नेमका शब्द सापडला नव्हता, एवढंच. दुसऱ्याकडून मिळालेल्या अनुभवासाठी आपल्या मराठीत किती तरी शब्द आहेत! नुसतं कानावर आलं, तर ती 'ऐकीव' माहिती. सांगणारा रंगून सांगतो आणि गड 'डोळ्यांपुढे उभा राहतो'. गोष्ट वाचताना आपण त्यातल्या मुलाशी इतके एकरूप होतो, की आई हाक मारते तेही कळत नाही. हे झालं 'तादात्म्य'. आणि 'परकायाप्रवेश' म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात शिरणं. शंकराचार्यांनी एका राजाच्या देहात प्रवेश केला, अशी कथा आहे. आज एखादा नट भूमिकेत पुरता शिरला, की आपण हाच शब्द वापरतो.

दुःखाच्या बाबतीत मात्र शब्द जपून वापरावे लागतात. आपल्याकडे म्हण आहे, 'परदुःख शीतल'. दुसऱ्याचं दुःख आपल्याला थंडगार लागतं, चटका बसत नाही! 'कीव' वरून खाली पाहते. माझं 'बिचारा' तसलंच होतं. 'सहानुभूती' म्हणजे सह अधिक अनुभूती, सोबतीनं अनुभवणं. पण आपण ती नुसती 'दाखवू' लागलो आणि शब्द गुळगुळीत झाला. म्हणून आता 'समानुभूती' हा शब्दही वापरतात. त्याच्या जागी मी असते तर, असं मनापासून वाटणं म्हणजे समानुभूती.

त्या संध्याकाळी घरी निघाले, ती बुधवार पेठेतून. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती तिथेच. तो जुना वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तिथे आले आणि मला मुक्ता साळवे आठवली. फुले पतिपत्नींच्या पुण्यातल्या शाळांमध्ये शिकलेली, मातंग समाजातली, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला.

त्यात ती सांगते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. मग थंडी, पाऊस, वाऱ्यानं त्यांना किती दुःख होत असेल, याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचणाऱ्यांना बजावते. मुलांनो, चौदा वर्षांच्या मुलीनं केवढी मोठी गोष्ट सांगितली पाहा! तिचं दुःख जसंच्या तसं आपल्याला कधीच कळणार नाही. पण कधी तरी भिजून कुडकुडलो असू ना आपण? त्या आठवणीचा हात धरून तिच्यापर्यंत दोन पावलं तरी जाता येतं. ती कीव मागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'मी रायगड पाहिला.' 'मी मामेभावाच्या डोळ्यांनी रायगड पाहिला.'

"यातलं तुझं कुठलं रे?"

त्यानं दुसरं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग हळूच विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय?"

नव्हता पाहिला! मी म्हटलं, "काल पाहिला. तुझ्या डोळ्यांनी." या वेळीही वर्ग हसला, पण तोही हसला.

आता तुम्ही एक करा. आजीला, नाही तर घरातल्या कुणालाही, लहानपणची एक आठवण विचारा. मध्ये न बोलता ऐका आणि लिहून काढा. वर लिहायला विसरू नका, ती कुणाच्या डोळ्यांनी पाहिलीत ते. आणि पालकहो, तुम्हीसुद्धा एकदा मुलांना विचारून पाहा, "आज वर्गात काय झालं?"